कार्यालयीन परिषदेची बैठक: कर्मचारी संघटना आणि प्रशासन यांच्यातल्या चर्चेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र सरकारच्या कार्यालयांत काम करणाऱ्या आणि संघटनेत नव्याने आलेल्या सहकाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. स्टाफ साइडकडून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बाजूने, बरीच वर्षं बैठकांना बसल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. बैठकीत कोण किती तावातावाने बोललं यावर फारसं काही ठरत नाही. विषय कसा लिहून दिला आणि इतिवृत्तात काय उतरलं, यावर ठरतं. म्हणून त्या दोन प्रश्नांची उत्तरं खाली लांबलचक आहेत आणि बाकीची त्या मानाने आटोपशीर.

कार्यालयीन परिषद म्हणजे नक्की काय? ती साहेबांच्या मर्जीने भरते का?

नाही, मर्जीचा प्रश्न नाही. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी देशभर संप केला. तो पाच दिवस चालला आणि सरकारने अध्यादेश काढून तो मोडला. सरकार आणि कर्मचारी यांनी समोरासमोर बसून बोलण्याची कायमची सोय हवी, अशी शिफारस दुसऱ्या वेतन आयोगाने त्याआधीच केली होती. ती सोय १९६६ मध्ये झाली. तिचं नाव संयुक्त सल्लागार यंत्रणा. कार्यालयात सगळे तिला जेसीएम म्हणतात. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर सुरू झालेल्या व्हिटली परिषदांचा नमुना तिच्यासमोर होता.

यंत्रणेच्या तीन पातळ्या आहेत. वर राष्ट्रीय परिषद, तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव. मध्ये त्या त्या खात्याची विभागीय परिषद. आणि खाली आपली कार्यालयीन किंवा प्रादेशिक परिषद, जिचं अध्यक्षपद कार्यालयप्रमुखांकडे असतं. टेबलाच्या एका बाजूला ऑफिशियल साइड, म्हणजे प्रशासन, दुसऱ्या बाजूला स्टाफ साइड. निर्णय दोन्ही बाजूंच्या सहमतीने होतात, हात वर करून नाही. त्यामुळे समोर सात अधिकारी आहेत आणि आपण पाचच जण, याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

वर्ग एकचे अधिकारी आणि पोलीस कर्मचारी या योजनेत येत नाहीत.

आमची संघटना आहे, सभासदही आहेत. मग बैठकीचं पत्र आम्हाला का येत नाही?

बहुधा तुमच्या संघटनेला मान्यता नाही म्हणून. मान्यता १९९३ च्या सेवा संघटना मान्यता नियमांनुसार मिळते. संघटना ज्या गटातल्या कर्मचाऱ्यांची आहे, त्या गटातल्या एकूण कर्मचाऱ्यांपैकी किमान ३५ टक्के सभासद असावे लागतात. एका संघटनेने हा टप्पा गाठला, की तिच्या खालोखाल सभासद असलेल्या दुसऱ्या संघटनेला १५ टक्क्यांवरही मान्यता मिळू शकते. मोजणी पगारातून होणाऱ्या वर्गणीच्या कपातीवरून होते. तोंडी सांगितलेले आकडे किंवा मोर्चातली गर्दी धरली जात नाही. मान्यता पाच वर्षांसाठी असते.

यातला व्यावहारिक भाग असा की पडताळणीच्या वेळी कपातीचा फॉर्म भरायला सहकारी आळस करतात. "मी तर तुमचाच आहे हो" असं म्हणणाऱ्याचा फॉर्म डीडीओकडे, म्हणजे पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पोचला नसेल, तर तो मोजणीत धरला जात नाही. फॉर्म टेबलाटेबलावर जाऊन भरून घ्या.

नियमांत काही बंधनंही आहेत. संघटना जात, जमात किंवा धर्माच्या आधारावर उभी राहिलेली नसावी, पदाधिकारी सेवेतलेच असावेत, आणि संघटनेने राजकीय निधी ठेवू नये. २०२३ मध्ये टपाल खात्यातल्या दोन मोठ्या संघटनांची मान्यता याच नियमांच्या आधारे काढून घेण्यात आली. तेव्हा जमाखर्चाची वही चोख ठेवा आणि वर्गणीतला पैसा कुणाला देण्याआधी नियम वाचा. देणगी कितीही चांगल्या हेतूने दिलेली असली तरी हे पाहिलंच पाहिजे.

मान्यता नसलेल्या संघटनेचं सभासद होणं हा गुन्हा आहे का?

नाही. पूर्वीच्या वर्तणूक नियमांत तशी मनाई होती. मुंबईतल्या लेखापरीक्षण खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने तिला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. संघटना करण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९ मधला आहे. मान्यता नसली तर बैठकीत खुर्ची मिळत नाही, एवढाच फरक.

बैठकीत कोणते विषय घेता येतात?

कामाच्या आणि सेवेच्या अटी, कर्मचारी कल्याण, कामाचा दर्जा आणि कार्यक्षमता. व्याप्ती पुष्कळ मोठी आहे. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, बसायची जागा, रेकॉर्ड रूम, उशिरापर्यंत थांबवणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं, प्रशिक्षण, संगणक, लिफ्ट, कँटीन, पाळणाघर, सगळं यात बसतं.

भरती, बढती आणि शिस्तभंग या तीन बाबतींत मात्र फक्त सर्वसाधारण तत्त्वावर बोलता येतं. "अमक्याची बढती का अडली" हे विचारता येत नाही. "विभागीय पदोन्नती समितीची बैठक दर वर्षी वेळेवर का होत नाही" हे विचारता येतं.

तिसऱ्या कलमातल्या "कार्यक्षमता" या शब्दाकडे आपले लोक दुर्लक्ष करतात, ते मला पटत नाही. काउंटरवर नागरिकांची रांग दुपारी दोनपर्यंत हलत नाही कारण प्रिंटर एकच आहे, हा कामाच्या अटींचाही विषय आहे आणि कार्यक्षमतेचाही. प्रशासनाला नाही म्हणायला सगळ्यात अवघड जाणारे विषय याच जातीचे असतात.

माझ्यावर वैयक्तिक अन्याय झाला आहे. संघटना तो बैठकीत मांडेल का?

तुमचं नाव घेऊन मांडता येणार नाही. जेसीएमच्या योजनेत वैयक्तिक प्रकरणं घेत नाहीत आणि मान्यता नियमही तेच सांगतात. पण इथेच थांबून "नियमात बसत नाही" असं सांगून सहकाऱ्याला परत पाठवणं हे संघटनेच्या कार्यकर्त्याला शोभत नाही. आधी बघायचं, हे एकट्याचं आहे की आणखी कुणाचं.

बालसंगोपन रजेचं घ्या. महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पुरुष पालकांना पहिल्या दोन अपत्यांसाठी, त्यांच्या वयाच्या अठरा वर्षांपर्यंत, संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची ही रजा मिळू शकते. एका ताईंचा अर्ज महिनाभर पडून राहिला, शेवटी मुलीची परीक्षा होऊन गेली. ही तक्रार जशीच्या तशी विषयपत्रिकेवर येणार नाही. मग दुसऱ्या शाखांत विचारायचं. आणखी तिघींना हाच अनुभव आलेला असतो: अर्ज नाकारत नाहीत आणि मंजूरही करत नाहीत, नुसता ठेवून देतात. आता विषय तयार झाला. "बालसंगोपन रजेच्या अर्जांवर किती दिवसांत निर्णय व्हावा आणि नाकारल्यास कारण लेखी द्यावं, याची कार्यालयात एकसमान पद्धत ठरवणे." यात कुणाचं नाव नाही, आणि त्या चौघींचंही काम होतं.

ज्या तक्रारी खरोखरच एकट्याच्या आहेत, त्यांच्यासाठी लेखी निवेदन, अपील आणि शेवटी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे कॅट, हे मार्ग आहेत. निवेदन लिहायला मदत करणं हे संघटनेचं काम आहे आणि त्याला कुठलाही नियम आड येत नाही.

विषयपत्रिकेसाठी विषय कसा लिहायचा?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. बैठकीच्या दिवशीपेक्षाही जास्त.

मी प्रत्यक्ष पाहिलेला एक विषय असा होता: "अभिलेख कक्षातील गैरसोयी तातडीने दूर कराव्यात." त्यावर उत्तर आलं, "योग्य ती दखल घेण्यात येईल." स्टाफ साइडने मान डोलावली आणि विषय निकाली निघाला.

त्या अभिलेख कक्षात काय होतं ते सांगतो. रॅक छतापर्यंत गेलेले आणि वरच्या खणातला गठ्ठा काढायला शिडी नाही. एमटीएस, म्हणजे पडेल ते काम करणारा (मल्टी टास्किंग स्टाफ) मुलगा खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचा आणि दुसरा खाली स्टूलचे पाय धरून उभा राहायचा. खिडकी एकच, तीही रॅकच्या मागे गेलेली. एक्झॉस्ट फॅनची पाती कोळिष्टकांनी जखडलेली. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला की इतकी धूळ उडायची की तिथे काम करणारा कर्मचारी जुलैच्या दमट हवेतही नाकाला रुमाल बांधून बसायचा. दाराजवळच्या अग्निशामक नळकांड्यावरची पुनर्भरणाची तारीख उलटून गेलेली, आणि त्याच भिंतीवर उघड्या वायरचा बोर्ड.

यातलं एक अक्षरही विषयात नव्हतं. "गैरसोयी" वाचून समोरच्या अधिकाऱ्याला काय कळणार? तो बिचारा त्या तळघरात कधी उतरलेलाही नसतो.

तोच विषय असा लिहिता आला असता: "अभिलेख कक्षात उंच रॅकसाठी रेलिंग असलेल्या दोन शिड्या देणे; बंद असलेला एक्झॉस्ट फॅन बदलणे; मुदत संपलेल्या अग्निशामक साधनांचं पुनर्भरण करून घेणे; उघड्या वायरिंगची सीपीडब्ल्यूडीच्या (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या) विद्युत शाखेकडून तपासणी करून घेणे; मास्क आणि हातमोजे नियमित पुरवणे. सोबत छायाचित्रं आणि केअरटेकर शाखेला यापूर्वी दिलेल्या पत्रांच्या प्रती." प्रत्येक मागणीला आता हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं. कागदाच्या ढिगाऱ्याजवळ उघडी वायर आहे, हे इतिवृत्तात एकदा लिहिलं गेलं की कुणालाही ते सहज बाजूला सारता येत नाही. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला लागलेली आग महाराष्ट्रातला एकही सरकारी कर्मचारी विसरलेला नाही.

विषय लिहिताना मी पाच गोष्टी बघतो. नेमकं काय हवं? ते देण्याचा अधिकार याच कार्यालयप्रमुखांना आहे का? आधारासाठी कोणता आदेश किंवा कोणतं परिपत्रक आहे? आधी काय पत्रव्यवहार झाला? खर्च किती आणि कुठल्या शीर्षाखाली? शेवटचा प्रश्न आपले लोक सोडून देतात, "पैसे बघायचं काम प्रशासनाचं" म्हणून. पण चालू वर्षाच्या खर्चाचे सुधारित अंदाज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तयार होतात. खर्चाचा विषय त्याच्या आधीच्या बैठकीत आला तर पैसे मागता येतात. फेब्रुवारीत आला तर "पुढच्या आर्थिक वर्षात पाहू" हे उत्तर ठरलेलं, आणि ते खोटंही नसतं.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. परिषदेत निकाली निघालेला विषय पुढचे बारा महिने पुन्हा विषयपत्रिकेवर घेता येत नाही. खास कारण असेल आणि अध्यक्षांनी परवानगी दिली तरच. अर्धवट लिहिलेला विषय दिला आणि तो मोघम उत्तरावर बंद झाला, तर वर्षभर हात बांधले जातात. त्या अभिलेख कक्षाचं तेच झालं.

किती विषय द्यावेत?

कमी. चाळीस विषयांची यादी दिली की सभासद खूश होतात आणि प्रशासनही खूश होतं, कारण दोन तासांच्या बैठकीत प्रत्येक विषयाला तीनच मिनिटं येतात. सात-आठ चांगले विषय पुरेत. त्यांत निदान दोन असे असावेत की जे आठवड्याभरात होऊ शकतील. विषयपत्रिकेबाहेरचा विषय अध्यक्षांच्या परवानगीनेच घेता येतो, त्यामुळे खरोखर तातडीचं काही असेल तर आदल्या दिवशी साहेबांच्या कानावर घालून ठेवा.

"हे माझ्या अधिकारात नाही" असं साहेब म्हणाले तर?

कधी ते खरं असतं, कधी ते सोयीचं असतं. योजनेत स्पष्ट म्हटलं आहे की ऑफिशियल साइडने विषयांचा निकाल बैठकीतच लावायचा, सरकारच्या नंतरच्या निर्णयासाठी राखून ठेवायचा नाही. या कलमाची प्रत फायलीत वर लावून ठेवा. नम्रपणे वाचून दाखवा.

अधिकार खरोखरच वरच्या कार्यालयाकडे असेल तर पुढचा प्रश्न विचारा: "मग कार्यालयाने शिफारशीसह प्रस्ताव कधी पाठवायचा?" आणि तारीख घ्या. "वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात येईल" आणि "वरिष्ठ कार्यालयास शिफारशीसह प्रस्ताव १५ जुलैपर्यंत पाठवण्यात येईल" यांत फार अंतर आहे.

इमारतीच्या बाबतीत तर अधिकाराचं हे कोडं नेहमीचं. इमारत सीपीडब्ल्यूडीच्या ताब्यात, पैसे खात्याचे, सफाई एजन्सीची. अशा विषयाला सीपीडब्ल्यूडीच्या कनिष्ठ अभियंत्यांना बैठकीत बोलावून घ्यावं, अशी मागणी आधीच पत्राने करा. ते समोर बसले की अर्ध्या शंका तिथेच मिटतात.

बैठकीत कोणी बोलायचं?

विषयागणिक एकानेच. तो विषय ज्याच्या टेबलाचा आहे त्याने बोललेलं उत्तम, मग तो नवीन असला तरी चालेल. सरचिटणीसांनीच सगळं बोलायचं ही पद्धत मला आवडत नाही. त्यातून दुसरी फळी तयार होत नाही. मतभेद असतील तर आदल्या दिवशीच्या तयारीच्या बैठकीत भांडून घ्या. साहेबांसमोर आपापसात जुंपली की त्या विषयाचं काम तिथेच थांबतं.

आणि समोरच्याचं ऐका. प्रशासनाच्या अडचणी खोट्याच असतात असं नाही. मंजूर पदांपैकी कितीतरी रिकामी असताना काउंटर सुरू ठेवायची, हा त्यांच्याही गळ्याला लागलेला फास आहे.

इतिवृत्ताला इतकं महत्त्व का?

कारण साहेबांची बदली होते. बैठकीत दिलेला शब्द त्यांच्याबरोबर जातो आणि इतिवृत्त कार्यालयात राहतं. नवीन साहेब आल्यावर "मागच्या साहेबांनी कबूल केलं होतं" याला काडीचीही किंमत नसते. "परिच्छेद ४ मध्ये तसं नमूद आहे" याला असते.

इतिवृत्तातली काही वाक्यं वर्षानुवर्षं भेटत आली आहेत. "बाब तपासून पाहण्यात येईल." "स्टाफ साइडच्या भावनांची नोंद घेतली." "शक्य तितक्या लवकर कार्यवाही करण्यात येईल." यांतल्या एकाही वाक्यात कोण, काय आणि कधी हे नाही. मसुद्यात असं वाक्य दिसलं की तिथेच अडवा. "महिला प्रसाधनगृहातील दोन कड्या, नळ आणि दिवे केअरटेकर शाखा ३० जूनपर्यंत दुरुस्त करून घेईल" असं वाक्य हवं. लिहिणाऱ्याला दोन्ही सारखीच मेहनत पडते.

आमची पद्धत अशी. स्टाफ साइडचे सचिव स्वतःची टिपणं घेतात. प्रत्येक विषय संपला की, पुढच्याकडे जाण्याआधी, सचिव म्हणतात, "साहेब, मी असं लिहून घेतलं आहे," आणि निर्णय वाचून दाखवतात. काही गैरसमज असेल तर तो तिथेच सुटतो, चहा येण्याआधी. मसुदा आला की तो टिपणांशी ताडून पाहायचा आणि फरक असेल तर लगेच लेखी कळवायचा. महिन्याने कळवलं तर कुणालाच काही आठवत नसतं. पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागच्या इतिवृत्ताची पुष्टी आणि त्यावरचा कार्यपूर्ती अहवाल. हा अहवाल, म्हणजे एटीआर, समोर आल्याशिवाय नवा विषय सुरू करू देऊ नका.

इतिवृत्त मंजूर झालं की ते सभासदांपर्यंत पोचवा, सूचना फलकावर लावा. मात्र बैठकीबद्दल बाहेर जाहीर करायचं ते परिषदेच्या अधिकृत निवेदनानेच, हा योजनेचा नियम आहे. बैठक सुरू असतानाच व्हॉट्सॲपवर "साहेब नमले" असा संदेश टाकणाऱ्या उत्साही मित्राला प्रेमाने आवरा. तो संदेश दहा मिनिटांत साहेबांच्या मोबाइलवर असतो.

सहमती झालीच नाही तर?

तर मतभेदाची नोंद करून घ्यायची. विषय कोणता आहे यावर पुढचा मार्ग ठरतो. वेतन आणि भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि एखाद्या वर्गाच्या किंवा श्रेणीच्या कर्मचाऱ्यांची रजा, एवढ्या तीन बाबी सक्तीच्या लवादाकडे जाऊ शकतात. कोणत्याही एका बाजूने मागणी केली तरी पुरतं. लवाद मंडळात तीन जण: प्रत्येक बाजूच्या यादीतून एकेक आणि एक तटस्थ अध्यक्ष. त्यांच्या शिफारशी दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतात, पण संसदेचा अधिकार त्यांच्यावर असतो. देशाची अर्थव्यवस्था किंवा सामाजिक न्याय या कारणासाठी सरकारला शिफारशीत बदल हवा असेल, तर कारणांसह तो संसदेसमोर ठेवावा लागतो.

बाकीच्या बाबतींत सहमती झाली नाही तर सरकार स्वतःच्या विचाराने निर्णय घेतं. हे कटू आहे, पण आधीच ठाऊक असलेलं बरं. कार्यालयीन परिषदेतले बहुतेक विषय याच गटात पडतात. म्हणूनच तिथे सहमती मिळवण्याचं कसब कामाला येतं.

बैठकच होत नाही, काय करायचं?

हा आजार वरपासून आहे. राष्ट्रीय परिषदेची बैठक निदान चार महिन्यांतून एकदा व्हावी असं योजना सांगते. प्रत्यक्षात ४६ वी बैठक २०१० मध्ये झाली आणि ४७ वी २०१९ मध्ये. खालच्या कार्यालयांनी कोणाचा कित्ता गिरवायचा?

तरीही पत्रं लिहीत राहा. विषयपत्रिका वेळेवर द्या आणि पोच घ्या. दोनदा बैठक टळली की विभागीय परिषदेच्या स्टाफ साइडला कळवा, म्हणजे "कार्यालयीन परिषदा नियमित होत नाहीत" हाच वरचा विषय होतो. गेल्या पाच वर्षांत किती बैठका झाल्या आणि त्यांची इतिवृत्तं, ही माहिती अधिकाराखाली मागण्यासारखी माहिती आहे. अर्ज एखाद्या सभासदाने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करावा. मी मात्र माहिती अधिकाराआधी एकदा साहेबांना भेटून विचारतो. कित्येकदा कारण इतकंच असतं की ते नवीन आहेत आणि अशी परिषद असते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मग संप का करू नये?

वर्तणूक नियम १९६४ मधला नियम ७ केंद्रीय कर्मचाऱ्यांना संपाची मनाई करतो. संप हा मूलभूत हक्क नाही असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये म्हटलं आणि २००३ च्या तामिळनाडू प्रकरणात तर फार कडक शब्दांत म्हटलं. पगार कापला जातो आणि सेवेत खंड धरला जाऊ शकतो, ज्याचा फटका निवृत्तिवेतनापर्यंत पोचतो. १९ सप्टेंबर १९६८ च्या एका दिवसाच्या संपातही हजारो कर्मचाऱ्यांना कारवाईला तोंड द्यावं लागलं.

शांततेने निदर्शनं करण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हेही न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितलं आहे. जेवणाच्या सुट्टीतली द्वारसभा, काळ्या फिती, सामूहिक निवेदन हे मार्ग उपलब्ध आहेत. ते वापरावेत, पण बैठकीची तयारी न करण्यासाठी पळवाट म्हणून नाही.

बैठकीला गेलो तर रजा टाकावी लागते का? साहेब मनात ठेवतील का?

परिषदेचा सदस्य म्हणून बैठकीला जाणं ही ड्यूटी धरली जाते. बाहेरगावी बैठक असेल तर प्रवासभत्ताही मिळतो. मान्यताप्राप्त संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना संघटनेच्या कामासाठी वर्षाला २० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळू शकते.

मनात ठेवणारे भेटतात, नाही असं नाही. त्यावर उपाय दोन. स्वतःच्या टेबलाचं काम प्रलंबित राहू देऊ नका, कारण पहिलं बोट तिथेच ठेवलं जातं. आणि एकट्याने केबिनमध्ये जाऊन बोलणी करू नका, दोघं तरी जा. एपीएआरमध्ये, म्हणजे वार्षिक कामगिरी अहवालात, अचानक प्रतिकूल शेरे उतरले तर मुदतीत निवेदन द्या.

लैंगिक छळाची तक्रार बैठकीत आणता येईल का?

नाही, आणि आणूही नये. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार तिच्याकडे जाते आणि गुप्त राहते. परिषदेत विचारायचं ते इतकंच: समिती आहे का, अध्यक्षपदी वरिष्ठ महिला अधिकारी आहेत का, निम्म्याहून कमी महिला तर नाहीत ना, बाहेरच्या सदस्य येतात का, तीन वर्षांची मुदत संपलेली नाही ना, आणि समितीची माहिती दर्शनी भागात लावली आहे का.

स्टाफ साइडवर एकही महिला नाही अशा परिषदा मी पाहिल्या आहेत. तिथे प्रसाधनगृहाचा, पाळणाघराचा, उशिरा थांबवण्याचा विषय पुरुष मांडतात आणि अर्धाच मांडतात. नावं सुचवताना हे बदला.

दिव्यांग सहकाऱ्यांचे विषय?

आवर्जून घ्या. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणं आणि सार्वजनिक इमारती सुगम्य करणं बंधनकारक केलं आहे. रॅम्प आहे पण त्यावर झेरॉक्सच्या कागदाची खोकी रचली आहेत, असं दिसलं तर फोटो काढून विषयाला जोडा.

कंत्राटी आणि आउटसोर्स कर्मचाऱ्यांचं काय?

ते परिषदेत प्रतिनिधी पाठवू शकत नाहीत. पण पाणी, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा या सोयी त्यांना मिळतील हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे आपल्या कार्यालयावर, येते. शेजारच्या खुर्चीवर तेच काम करणाऱ्या डेटा एंट्रीच्या मुलीला मे महिन्याचा पगार जुलैत मिळतो, आणि आपण महागाई भत्त्याच्या फरकाबद्दल बोलतो. "आउटसोर्सिंगच्या करारातल्या अटींचं पालन होतं की नाही याची तपासणी" हा विषय कार्यक्षमतेच्या कलमाखाली मांडा. कंत्राटदार बदलल्यावर जुन्या लोकांचे भविष्य निर्वाह निधीचे हप्ते भरले गेले का, हेही विचारा.

मी अधिकारी आहे, ऑफिशियल साइडवर बसतो. माझ्यासाठी काही?

आहे. निर्णय घेऊ शकणारी माणसं बरोबर आणा. लेखा अधिकारी नसतील तर प्रत्येक खर्चाचा विषय पुढे ढकलला जाईल. बैठकीच्या आधी एकदा स्वतः फिरून या: रेकॉर्ड रूम, पंप हाऊस, महिला प्रसाधनगृहाबाहेरचा पॅसेज, रात्रपाळीच्या चौकीदाराची जागा. नाही म्हणायचं असेल तर स्पष्ट नाही म्हणा आणि कारण द्या. कर्मचारी नकार पचवतात, टोलवाटोलवी पचवत नाहीत.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना आणि रेल्वेला हेच लागू होतं का?

रेल्वेची स्वतःची कायम वाटाघाट यंत्रणा, पीएनएम, १९५२ पासून आहे. तिथे संघटनेची मान्यता गुप्त मतदानाने ठरते. महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना राज्याचे १९७९ चे वर्तणूक नियम लागू होतात, आणि त्यांच्या संघटनांची बोलणी मुख्य सचिव किंवा मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर होतात. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी झालेला संप अशाच बैठकीनंतर मागे घेतला गेला. विषय लिहिणं आणि इतिवृत्त तपासणं यांबद्दल वर जे सांगितलं, ते मात्र तिथेही तितकंच उपयोगी आहे.

मी साधा सभासद आहे, पदाधिकारी नाही. मी काय करू?

तुमच्या टेबलाजवळची अडचण तारीख घालून लिहून द्या. "पंखा चालत नाही" ऐवजी "दुसरा मजला, लेखा शाखा, खिडकीजवळचा पंखा १२ एप्रिलपासून बंद, केअरटेकरच्या नोंदवहीत दोनदा नोंद" असं. जमल्यास फोटो काढा. बैठक झाली की इतिवृत्त मागून घ्या आणि तुमच्या विषयासमोर काय लिहिलं आहे ते बघा. काम झालं नसेल तर पुढच्या विषयपत्रिकेची मुदत संपण्याआधी सचिवांना गाठा.